बिनगियरची गाडी आणि सोळावे वर्ष : एका जुन्या उत्तराचा इतिहास

१/
शाळेच्या प्रकल्पासाठी ‘वाहन चालविण्याचे किमान वय’ शोधू लागले की एक उत्तर हमखास हाती येते : गियरच्या गाडीला १८ वर्षे, बिनगियरच्या गाडीला १६. घरातील वडीलधारी मंडळीही तेच सांगतात. हे उत्तर कोणाच्या मनचे नाही. एके काळी कायदाच तसा होता. तो काळ मात्र १९९४ साली संपला.

२/
प्रारंभ थोडा मागून करू. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ४ ने १८ वर्षांखालील व्यक्तीस सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यास मनाई केली होती. कलम ५ नुसार अशा व्यक्तीच्या हाती वाहन न देण्याची जबाबदारी मालकावर होती. म्हणजे मोठ्यांना जबाबदार धरण्याची कल्पना स्वातंत्र्यपूर्व काळातली आहे.

३/
१ जुलै १९८९ रोजी नवा अधिनियम, म्हणजे १९८८ चा, अंमलात आला. अठराची अट कायम राहिली. परंतु कलम ४ ला एक परंतुक होते : ‘बिनगियरची’ मोटारसायकल १६ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस चालविता येईल. आजही ऐकू येणाऱ्या उत्तराचा उगम इथे आहे.

४/
त्या वेळच्या रस्त्यांवर ‘बिनगियरची’ या एकाच शब्दात दोन अगदी भिन्न वाहने बसत होती. एक, पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली आणलेली ५० सीसीची लूना. दुसरी, १९८४ ची कायनेटिक होंडा. तिलाही गियर नव्हते, इंजिन मात्र ९८ सीसीचे, जवळजवळ दुप्पट.

५/
१९९४ च्या दुरुस्ती अधिनियमाने (क्रमांक ५४) परंतुकातील तेवढेच शब्द बदलले. ‘बिनगियरची’ याऐवजी ‘५० सीसीपेक्षा अधिक इंजिनक्षमता नसलेली’ असे शब्द आले. १४ नोव्हेंबर १९९४ पासून हा बदल लागू झाला. निकष गियरचा होता, तो इंजिनाचा झाला.

६/
१९९३ साली सोळा वर्षांच्या मुलीने परवाना काढून कायनेटिक होंडा चालविणे कायद्यात बसत होते. १९९५ साली सोळा पूर्ण करणाऱ्या तिच्या धाकट्या भावाला ती मुभा उरली नाही. थोरल्या बहिणीचा अनुभव खराच होता. धाकट्याच्या उपयोगाचा नव्हता.

७/
मग जुने उत्तर टिकले कसे? एक कारण कायद्याच्या पानांतच आहे. कलम ७ मध्ये अल्पवयीनांच्या शिकाऊ परवान्यासाठी पालकाची लेखी संमती सांगताना, आणि कलम १० मध्ये परवान्याचे वर्ग मोजताना, ‘बिनगियरची मोटारसायकल’ हे शब्द तसेच राहिले. केवळ कलम ७ वाचणाऱ्याची फसगत होते. वयाचा निर्णय कलम ४ करते.

८/
या फसगतीची किंमत २०१९ नंतर फार वाढली. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-क नुसार, अल्पवयीनाने वाहनासंबंधी गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी मानला जातो : ३ वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

९/
आपल्या नकळत गुन्हा घडला, किंवा तो टाळण्यासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध केल्यास पालकाची सुटका होऊ शकते. ‘बिनगियरची आहे, चालते’ असे म्हणून स्वतःच चावी देणाऱ्या पालकाला ‘नकळत’ म्हणता येणार नाही. आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत.

१०/
विश्वसनीय माहिती कुठे मिळेल? केंद्र शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर अधिनियमाचा मूळ पाठ आहे. त्यात चौकोनी कंसातील शब्द दिसले की तळटीप पाहावी. कोणत्या दुरुस्तीने, कोणत्या तारखेपासून शब्द बदलले, हे तिथे नोंदलेले असते.

११/
शिलालेख वाचताना आधी त्याचा शक पाहतात. कायद्याचे कलमही तसेच वाचावे. प्रकल्पात ‘१६ वर्षे’ असे लिहायचे असेल, तर त्यापुढे ‘५० सीसीपर्यंत’ हे शब्द आणि १९९४ हे साल अवश्य लिहावे.

#इतिहास #मराठी #थ्रेड