निर्वाचकाचें मत कोणाचें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरांत होते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नोव्हेंबरांत तेथील नागरिक वस्तुतः मत देतो तें निर्वाचकांना. हे निर्वाचक डिसेंबरांत आपापल्या संस्थानांत एकाच दिवशीं जमतात आणि अध्यक्षाची निवड करतात. बहुधा त्यांच्या जमण्याकडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. परंतु एखाद्या निर्वाचकाच्या मनानें घेतलें, कीं आपल्या संस्थानानें बहुमतानें पसंत केलेला मनुष्य या पदाला योग्य नाहीं, तर त्यानें काय करावें? हा प्रश्न त्या राष्ट्राच्या पाठीस प्रारंभापासूनच लागलेला आहे.

१७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें राज्यघटना बनविणाऱ्या मुत्सद्द्यांनीं ही पद्धति स्वीकारली ती कांहीं एखाद्या उदात्त तत्त्वाच्या ओढीनें नव्हे. अध्यक्ष काँग्रेसनें निवडावा तर तो तिचा मिंधा होणार. सर्व जनतेनें निवडावा तर दक्षिणेंतील संस्थानांचें वजन घटणार, कारण तेथें गुलामांची संख्या मोठी आणि मतदारांची लहान. वादविवादानें थकलेल्या मंडळींनीं काढलेली ही तडजोड होती. तिला तत्त्वाचा पोषाख चढविला तो अलेक्झांडर हॅमिल्टन यानें. १७८८ च्या मार्चमध्यें 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ६८ व्या लेखांत त्यानें असें प्रतिपादन केलें, कीं लोकांनीं आपल्यांतील थोडे जाणते पुरुष निवडावे, त्यांनीं शांतपणें विचार करून योग्य पुरुष शोधावा, आणि ते निरनिराळ्या ठिकाणीं जमत असल्यामुळें कारस्थानाला वाव राहूं नये. घटनेंत मात्र निर्वाचकानें विचार करून मत द्यावें असें लिहिलेलें नाहीं, आणि सांगितल्याप्रमाणें द्यावें असेंहि लिहिलेलें नाहीं.

हॅमिल्टनची कल्पना आठ वर्षेंहि टिकली नाहीं. १७९६ मध्यें जॉन ॲडम्स आणि टॉमस जेफरसन यांची लढत झाली, तेव्हां पक्ष उभे राहिले होते आणि निर्वाचकहि पक्षाच्या नांवावर निवडले जाऊं लागले होते. पेनसिल्वानियांत फेडरलिस्ट पक्षाच्या यादींतून निवडून आलेल्या सॅम्युएल माइल्स यानें आपलें मत जेफरसनला दिलें. त्या संस्थानाचे बहुतेक निर्वाचक जेफरसनच्याच बाजूचे होते. म्हणजे माइल्सनें संस्थानाच्या कलाविरुद्ध नव्हे, तर ज्यांनीं त्याला निवडलें त्यांच्याविरुद्ध मत दिलें. तरी संताप व्हावयाचा तो झालाच. एका मतदारानें वर्तमानपत्रांत विचारलें, कीं ॲडम्स कीं जेफरसन हें ठरविण्यासाठीं का आपण माइल्सला निवडलें? त्याला निवडलें तें सांगितलेलें काम करण्यासाठीं, डोकें चालविण्यासाठीं नव्हे! निर्वाचक या पदाचा अर्थ लोकांच्या मनांत किती लौकर पालटला होता, याचें याहून स्पष्ट प्रमाण सांपडणार नाहीं. ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ मतांनीं निवडून आला, म्हणून तो राग तेवढ्यावर भागला.

निर्वाचकाच्या स्वातंत्र्याचा सदुपयोगच होतो असें मानणाऱ्यांनीं १८३६ सालचा व्हर्जिनियाचा दाखला पाहावा. तेथील २३ निर्वाचकांनीं अध्यक्षपदासाठीं व्हॅन ब्यूरेन याला ठरल्याप्रमाणें मतें दिलीं. परंतु उपाध्यक्षपदाचा उमेदवार रिचर्ड जॉन्सन याला तीं नाकारलीं. जॉन्सन ज्युलिया चिन नांवाच्या गुलाम स्त्रीबरोबर उघडपणें संसार करीत असे आणि तिच्या दोन मुलींना आपल्या म्हणवीत असे. गुलाम बाळगणाऱ्या त्या समाजांत असे संबंध नवे नव्हते. जॉन्सननें ते झांकले नाहींत, हाच त्याचा गुन्हा! त्याला १४७ मतें मिळालीं, बहुमताला एक कमी पडलें, आणि अखेर १८३७ च्या फेब्रुवारींत सेनेटनें ३३ विरुद्ध १६ मतांनीं त्याला निवडलें. निर्वाचकाची सदसद्विवेकबुद्धि ती हीच काय?

परंतु या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती १८७६ सालीं. रिपब्लिकन पक्षाचा हेज आणि डेमोक्रॅटिक पक्षाचा टिल्डेन यांच्या निवडणुकींत टिल्डेनला सबंध देशांत सुमारें अडीच लक्ष मतें अधिक पडलीं होतीं. निर्वाचकांपैकीं १८४ निर्विवाद त्याचे होते. हवे होते १८५. फ्लॉरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना आणि ऑरेगॉन येथील मिळून २० मतांबद्दल तंटा लागला होता. हेजच्या बाजूच्या एका निर्वाचकानें मन पालटलें असतें, तर तंटा जागच्या जागीं मिटला असता.

तो एक मनुष्य मॅसॅच्युसेट्समध्यें सांपडेल अशी पुष्कळांना आशा होती. कवि आणि हार्वर्डचा प्राध्यापक जेम्स रसेल लोएल हा त्या संस्थानाच्या निर्वाचकांपैकीं एक होता. वृत्तीनें तो पक्षाचा गुलाम नव्हता. त्यानें टिल्डेनला मत द्यावें म्हणून त्याला गळ घालण्यांत आली. हॅमिल्टनच्या मनांतील जाणता पुरुष कधीं अवतरला असेल तर तो याच्या रूपानें. आणि देशांतील अधिक मतदारांचा कौल त्याच्या विवेकाच्या पाठीशीं उभा राहिला असता. लोएलनें नकार दिला. एका खासगी पत्रांत त्यानें कारण सांगितलें तें असें, कीं लोकांनीं आपणांस निवडलें तें आपल्या विवेकावर विश्वास होता म्हणून नव्हे, तर तो विवेक काय कौल देईल हें आपणांस ठाऊक आहे असें त्यांना वाटलें म्हणून. टिल्डेनला मत देणार असें आधीं सांगितलें असतें, तर त्यांनीं आपलें नांव सुचविलेंच नसतें. प्रश्न काय तो विश्वासाचा.

या उत्तरांतील मर्म हें, कीं लोएल स्वतःच्या बुद्धीचें स्वातंत्र्य नाकारीत नाहीं; तें वापरण्याची वेळ नांव स्वीकारण्यापूर्वीं होती, एवढेंच तो म्हणतो. पुढें विशेष आयोगानें ८ विरुद्ध ७ मतांनीं तंट्याचा निकाल हेजच्या बाजूनें दिला आणि १८५ विरुद्ध १८४ मतांनीं हेज अध्यक्ष झाला. त्यानें १८७७ मध्यें लोएलला स्पेन देशीं वकील म्हणून पाठविलें. कुत्सित लोकांना बोलावयास एवढें पुरेसें असतें. परंतु कवीनें आपलें मत विकलें, असें म्हणण्यास यत्किंचितहि आधार नाहीं.

२०१६ सालीं हॅमिल्टनचें नांव पुन्हा पुढें आलें. ट्रंप यांच्या पक्षाला ३०६ निर्वाचक मिळाले होते. त्यांतील ३७ फुटले असते तर बहुमत गेलें असतें, या हिशेबानें क्लिंटन यांच्याच कांहीं निर्वाचकांनीं तिसऱ्याच कोणा रिपब्लिकन पुरुषाला मत देण्याचा घाट घातला. वॉशिंग्टन संस्थानांतील तिघांनीं कॉलिन पॉवेल यांना मत दिलें. प्रत्यक्षांत ट्रंप यांचे दोनच निर्वाचक फुटले, क्लिंटन यांचे पांच. ज्यांना थोपवावयाचें होतें त्यांच्यापेक्षां स्वपक्षाचेंच नुकसान अधिक! वॉशिंग्टन संस्थानानें आपल्या वचनभंग करणाऱ्या निर्वाचकांना प्रत्येकीं एक हजार डॉलर दंड केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. निर्वाचकाकडून पक्षानें वचन घेण्यास हरकत नाहीं, असें त्या न्यायालयानें १९५२ मध्यें म्हटलेंच होतें. ६ जुलै २०२० रोजीं त्यानें एकमतानें ठरविलें, कीं दिलेलें वचन पाळण्यास संस्थान आपल्या निर्वाचकाला कायद्यानें भाग पाडूं शकतें. त्या वेळीं ३२ संस्थानांत वचनाचे कायदे होते. मोडल्यास शिक्षा मात्र त्यांतील निम्म्याहून कमी संस्थानांत होती.

एक गांठ मात्र न्यायालयानें सोडविली नाहीं. १८७२ मध्यें होरेस ग्रीली हा उमेदवार लोकांचें मतदान झाल्यावर, पण निर्वाचक जमण्यापूर्वीं, २९ नोव्हेंबरला वारला. त्याच्या बाजूच्या ६६ निर्वाचकांपैकीं ६३ जणांनीं आपलीं मतें इतरांना वांटून दिलीं. जॉर्जियांतील तिघांनीं मात्र वचनाला जागून मृत ग्रीलीलाच मत दिलें, आणि काँग्रेसनें तीं तीन मतें मोजलीं नाहींत. २०२० च्या निकालपत्रांतील एका तळटीपेंत न्यायालयानें म्हटलें आहे, कीं उमेदवार मरण पावल्यास निर्वाचकाला त्याच्याशीं बांधून ठेवतां येतें असा अर्थ या निकालांतून कोणीं काढूं नये.