चातुर्मासाचा नेम आणि आपला अकरावा अध्याय

मंडळी, आषाढी जवळ आली. कांदेनवमीला भजी खाऊन घेतली की बऱ्याच घरांत चार महिने कांदा-लसूण बंद. कुणी वांगं सोडतं, कुणी एकवेळ जेवतं. चातुर्मासाचा आणखी एक नेम आपल्याकडे होता, तो मात्र मागे पडत चाललाय. वाचनाचा.

हल्ली मुलं मोबाईलवर 'रीडिंग चॅलेंज' घेतात. अमुक महिन्यांत अमुक पुस्तकं, तीही नेहमीपेक्षा वेगळी. आपल्यातल्या काहींना हे परदेशी खूळ वाटतं. पण ठरलेल्या दिवसांत ठरलेलं वाचून संपवायचं, हे आपल्या गावांत पिढ्यानपिढ्या चालत आलंय.

नवनाथ भक्तिसार घ्या. मालू कवीचा 1819 चा ग्रंथ, अध्याय चाळीस. श्रावण लागला की देवळात नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर पोथी लागायची. एकानं ओव्या वाचायच्या, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, बाकीच्यांनी ऐकायचं. महिन्याभरात समाप्ती आणि मग गावजेवण. श्रीधरस्वामींचे हरिविजय, पांडवप्रताप हेही असेच लागायचे. भक्ती होतीच, पण त्यामागे हंगामाचं गणितही होतं. पेरण्या उरकलेल्या, वाटा चिखलात, ओढ्याला पाणी, लग्नकार्यं बंद. रात्री मोकळ्या. ज्यांनी आयुष्यात पाटी-पेन्सिल हातात धरली नाही, अशा म्हाताऱ्यांना मच्छिंद्र-गोरखाच्या कथा क्रमानं पाठ असायच्या त्या यामुळेच. निम्मं गाव निरक्षर असतानाही वाचन चालायचं, ही साधी गोष्ट नाही.

पण उगाच गोडवे गाण्यातही अर्थ नाही. पोथी कुणी वाचायची, ओसरीवर कुणी बसायचं आणि लांबून कुणी ऐकायचं, हे जातीवर ठरलेलं असायचं. गुरुचरित्र बायकांनी वाचू नये असं सांगणारे तर आजही भेटतात. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, पोथी दरसाल तीच. शिवलीलामृत श्रीधरांनी 1718 साली बारामतीत पूर्ण केलं. त्याचे मूळ अध्याय चौदा, पण घरोघर रोज वाचला जातो तो अकरावाच. उरलेले तेरा किती जणांनी वाचलेत, प्रामाणिकपणे हात वर करा! नित्यपाठ म्हणून ते ठीकच आहे. पण आपलं सगळंच वाचन असं अकराव्या अध्यायासारखं झालंय का, हा माझा प्रश्न आहे. ज्याला शिवचरित्र आवडतं तो शिवचरित्रच वाचणार, रहस्यकथावाला रहस्यकथाच, आणि बरेचसे फक्त आपल्याच बाजूचं राजकारण. मोबाईल तर आवडलेलंच पुन्हा पुन्हा ताटात वाढतो.

हा एकसुरीपणा याच चार महिन्यांत मोडला गेला, हे मला फार गमतीचं वाटतं. काशिनाथ रघुनाथ आजगावकर नावाचे गृहस्थ. बंगाली साहित्याचं इतकं वेड की आडनावच 'मित्र' करून टाकलं. 1895 साली त्यांनी 'मनोरंजन' मासिक काढलं आणि 1909 साली त्याचा दिवाळी अंक. विलायती मासिकांचे नाताळ अंक त्यांच्या डोळ्यांसमोर होते असं म्हणतात. एकाच अंकात कथा, कविता, लेख, चित्रं. कवितेसाठी अंक घेतलेल्याच्या हाती आपोआप कथा पडायची, आणि घरातली बाई पुरुषांच्या आधी तो वाचून मोकळी व्हायची. दिवाळी येते कार्तिकीच्या आधी, म्हणजे चातुर्मासातच. पोथीच्याच हंगामात दुसरी पंगत बसली म्हणा ना. पुढे वाचनालयांनी ही पंगत सगळ्यांसाठी खुली केली. एकदाच वर्गणी भरा आणि उन्हाळ्यापर्यंत अंक बदलून न्या.

वाचनालयांचा इतिहासही आपल्याकडे मोठा आहे. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं. कोल्हापूर संस्थानानं तर स्वातंत्र्याच्या आधी, 1945 मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर, 1967 चा. अनुदानासाठी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, आणि वर्ग ठरवताना पुस्तकं किती, सभासद किती हे पाहिलं जातं. म्हणजे आपण जाणं बंद केलं की नुसती खुर्ची रिकामी राहत नाही, वाचनालयाची पतही घसरते. तुटपुंज्या पगारावर संध्याकाळी कुलूप उघडून बसणारा ग्रंथपाल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. आज कितीजण आले, विचारा त्याला एकदा.

म्हणून यंदा माझा नेम असा. आषाढी ते कार्तिकी चार महिने, चार पुस्तकं, आणि चारही आपण एरवी हात लावणार नाही अशी. घरातली नाहीत, वाचनालयातूनच आणायची. पोथीवाल्यांची शिस्त आणि मित्रांच्या अंकाची सरमिसळ, दोन्ही त्यात हवं. इतिहास लढायांपुरता वाचणाऱ्यांनी गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्यावं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि 1857 च्या धामधुमीत सापडला. ज्यांचं वाचन शहरी कथा-कादंबऱ्यांत अडकलंय त्यांनी बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' घ्यावं, म्हणजे ओसरीपासून लांब ठेवलेल्यांच्या घरातून गाव कसं दिसायचं ते कळेल. ताराबाई शिंदे यांचं 1882 चं 'स्त्रीपुरुष तुलना' लहानसं आहे, दोन बैठकांत होतं. पुरुषांनी तर आवर्जून वाचावं, थोडं टोचेल. चौथं पुस्तक ग्रंथपालालाच निवडू द्या. त्यालाही बरं वाटेल.

कुणाला वाचायला दिसत नसेल, तर घरातल्या मुलानं रोज दहा पानं मोठ्यानं वाचून दाखवावीत. अर्थ सांगायचं काम आजीकडे.

मी स्वतः सुरुवात कवितेपासून करणार आहे, कारण कविता मी कायम टाळत आलोय. आषाढीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचनालयात असेन. येताना जुनी थकलेली वर्गणी असेल तर तीही घेऊन या.