भिंतीवरचा काबा

रत्नागिरीच्या आमच्या जुन्या घरात भिंतीवर माणसाचा एकही फोटो नव्हता. तसवीर असेल त्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं दादी म्हणायची. काबा आणि मदिनेचा घुमट मात्र काचेच्या फ्रेममध्ये लावलेले होते. इमारतीच्या फोटोला तिची हरकत नव्हती.

काब्याचा तो काळा-पांढरा फोटो तिनं बाजारातल्या फोटोवाल्याकडून घेतला होता. दोन बांबूंना सुतळी बांधून तो चिमट्यांनी फोटो लटकवायचा. लक्ष्मी, दत्तगुरू, शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक आणि त्यांच्याच शेजारी काबा, अजमेरचा दर्गा. मिरगाचा पाऊस लागला की धंदा बंद, कारण कोकणातल्या ओलीत कागदाला बुरशी धरते. आपल्याकडे कुराणाची किंमत विचारत नाहीत, 'हदिया' विचारतात. दादीनं काब्याच्या फोटोलाही तोच शब्द वापरला. हिंदू असलेल्या फोटोवाल्याला तो बरोबर कळला. मग हदिया जास्त आहे म्हणून दादीनं घासाघीसही केली!

तो फोटो कुणी काढला, हे त्यावर कुठंच नव्हतं. पुष्कळ वर्षांनी मी त्याचा शोध घ्यायला लागलो.

मदिनेचे पहिले फोटो 1861 साली मुहम्मद सादिक बे या इजिप्तच्या लष्करी अधिकाऱ्यानं काढले. 1880 मध्ये हजच्या काफिल्याबरोबर जाऊन त्यानं मक्केचेही काढले. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

दुसरा माणूस मक्केचाच, सय्यद अब्दुल गफ्फार नावाचा तबीब. 1885 मध्ये स्नूक हर्खोनये हा डच अभ्यासक मक्केत राहिला होता. त्यानं या तबिबाला फोटोग्राफी शिकवली. त्याच वर्षी स्नूकला मक्का सोडावी लागली, पण तबीब फोटो काढत राहिला आणि त्याला पाठवत राहिला. फोटोवर तो सुंदर अरबी अक्षरांत आपलं नाव लिहायचा. 1889 मध्ये स्नूकनं ते फोटो छापले तेव्हा बहुतेकांवरून ती सही पुसलेली होती. कित्येक वर्षं जग ते फोटो स्नूकचेच समजत राहिलं.

तिसरं नाव आपल्या देशातलं. दिल्लीच्या चांदणी चौकातल्या एच. ए. मिर्झा अँड सन्स यांनी 1907 च्या सुमारास मक्का, मदिना आणि हजचे फोटो काढून विकले. हजला जाणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांच्यापर्यंत मक्का अशी कागदावरून पोचली.

दादी त्यांच्यातलीच. मुंबईहून जिद्दाला जहाजं जायची, ती 1995 पर्यंत चालली. दादीनं जहाजाच्या भाड्यासाठी पैसे साठवले होते. एका पावसात घराचं छप्पर गेलं आणि ते पैसे कौलांत गेले. पुन्हा तेवढे जमले नाहीत. नमाज झाली की ती त्या फोटोकडे थोडा वेळ बघत बसायची. फोटोला सजदा करायचा नसतो, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं. ती फक्त बघायची. तिच्या वाट्याला मक्का आली ती एवढीच, बाजारातून घासाघीस करून आणलेली.

परवा फ्रेम बदलायला काढली. मागे जुना पुठ्ठा आणि चिकटवलेलं वर्तमानपत्र. ना स्टुडिओचा शिक्का, ना साल. सय्यद अब्दुल गफ्फारांची सही कुणीतरी मुद्दाम पुसली. आमच्या फोटोचं नाव पुसायलाही कुणी लागलं नाही, आणि दारात रोज दिसणाऱ्या त्या फोटोवाल्याचं नाव आम्हीही कधी विचारलं नाही.

फोटो पुन्हा लावण्याआधी मी मागे पेन्सिलीनं लिहिलं: 'रत्नागिरीच्या बाजारातून, दादीनं घेतलेला.' तुमच्या घरी असा फोटो असेल तर एकदा उलटा करून बघा. मागे काही नसेल, तर निदान तो कुणी आणि कुठून आणला, एवढं लिहून ठेवा.