हरवलेल्या तबकडीचा हिशेब

घरखर्चाच्या वहींतला एखादा आंकडा शाईच्या डागाखालीं गेला, तरी तळाची बेरीज शाबूत असेल तर तो परत काढतां येतो, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस असेल. गणकयंत्रांच्या नोंदी ज्या चुंबकीय तबकड्यांवर सांठवितात, त्यांतली एखादी निकामी झाली म्हणजे हीच युक्ति कामास येते.

१९७८ सालीं आय. बी. एम. कंपनीच्या नॉर्मन ओउची यांस अशा रचनेबद्दल अमेरिकेंत पेटंट मिळालें. पण ह्या कल्पनेचा बोलबाला झाला तो दहा वर्षांनीं. १९८८ मध्यें शिकागो येथील परिषदेंत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनीं निबंध मांडला. एका अवाढव्य, महागड्या तबकडीयंत्राऐवजीं लहान व स्वस्त अशा पुष्कळशा तबकड्या एकत्र जोडाव्या, असें त्यांचें म्हणणें. काम झपाट्यानें होईल, खर्चहि वांचेल. अडचण मात्र त्यांनीं स्वतःच पुढें केली. आणि मला हा प्रामाणिकपणा योजनेइतकाच मोलाचा वाटतो. एक तबकडी सरासरीनें ३०,००० तास टिकते असें धरलें, तर शंभरांच्या संचांत कोणती ना कोणती तरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आंतच, दगा देणार! असलें भांडार कोण ठेवील?

उपाय बेरजेचाच. मात्र येथें अंक दोनच, शून्य आणि एक. म्हणून पुरी बेरीज नको, ती सम कीं विषम एवढें एका जादा तबकडीवर लिहिलें कीं पुरे. तीन तबकड्यांवर एकाच जागीं १, ० आणि १ असेल, तर बेरीज सम. समजा, मधली गेली. उरलेल्या दोहोंची बेरीज समच येते. तेव्हां गेलेला अंक शून्यच असला पाहिजे. असें प्रत्येक स्थळीं करीत नवी तबकडी भरून काढावयाची. ही खूण एकाच तबकडीवर राहिली तर प्रत्येक लेखनाच्या वेळीं तिच्याच दाराशीं रांग लागे. म्हणून निबंधांतील पांचव्या रचनेंत ती सर्व तबकड्यांवर वांटून दिली आहे.

परंतु ह्या भरपाईसाठीं उरलेली प्रत्येक तबकडी आरंभापासून शेवटपर्यंत वाचावी लागते. तेवढ्यांत दुसरी बंद पडली तर एका बेरजेंत दोन अज्ञात संख्या! त्या काळच्या लहान तबकडींत सुमारें १० कोटि अक्षरें मावत. आजच्या मोठ्या तबकडींत त्याच्या लक्षपटीनें मावतात, आणि भरपाईस कित्येक तास, प्रसंगीं दिवसहि लागतात. म्हणून दोन स्वतंत्र खुणा ठेवण्याची पद्धत पुढें रूढ झाली. मालकानेंच चुकून पुसलेली नोंद मात्र कोणतीच खूण परत देत नाहीं. तें पुसणेंहि ती इमानेंइतबारें नोंदवून ठेविते. त्यासाठीं निराळ्या ठिकाणीं राखलेली वेगळी प्रतच लागते.