अस्मानी, सुलतानी आणि माणूस

श्रोतेहो, मुंबईहून नाशिककडे जाणारी गाडी कसाऱ्यास थांबते, तिला मागून रेटा देणारी इंजिने जोडली जातात आणि मग ती थळघाट चढू लागते. 1865 साली खुला झालेला हा लोहमार्ग सदतीस फुटांस एक फूट चढतो. काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका रात्री घाटात दरड कोसळली आणि आमची गाडी कसाऱ्याच्या फलाटावर पाच तास खोळंबली. पहिल्या तासात सर्व उतारू एकमेकांचे सोयरे झाले होते. तिसऱ्या तासात फलाटावरील खाद्यपदार्थ संपले, आणि कोणी एकाने आधीच घेऊन ठेवलेले वडे दुप्पट दराने विकावयास काढले. समोरच्या बाकावर एक बाई दोन लहान मुले घेऊन बसली होती. माझ्या पिशवीत चार पोळ्या होत्या. मी त्या बाहेर काढल्या नाहीत. शेजारचे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "माणूस मुळात हा असाच. पोटात अन्न आणि दाराशी शिपाई आहे तोवरच तो सभ्य." मी मान डोलावली. ते तत्त्वज्ञान त्या घटकेस मला फार सोयीचे होते.

हेच तत्त्वज्ञान विल्यम गोल्डिंग ह्या इंग्रज शिक्षकाने 1954 साली एका कादंबरीत मांडले आणि ते जगभर गेले. निर्जन बेटावर अडकलेली शाळकरी मुले. वडीलधारे कोणी नाही. प्रथम सभा, नियम, कामाची वाटणी, आणि अल्पावधीतच मृगया, भय, रक्तपात. दुष्टता बाहेरून येत नाही, ती आपल्यातच दबा धरून बसलेली असते, असा त्या कथेचा रोख. गोल्डिंग दुसऱ्या महायुद्धात आरमारात होता. त्याने पाहिलेला मनुष्य असा होता ह्यात नवल नाही. परंतु 1965 साली पॅसिफिक महासागरातील टोंगा राज्यातील सहा मुले खरोखरच अशा एका ओसाड बेटावर अडकली. पंधरा महिन्यांनी, 1966 साली, एका ऑस्ट्रेलियन नावाड्यास ती सापडली तेव्हा त्यांचा विस्तव तेवत होता, कामाच्या पाळ्या ठरलेल्या होत्या, आणि ज्याचा पाय मोडला होता त्याची इतरांनी शुश्रूषा केली होती. अर्थात एक बेट दाखवून दुसरे बेट खोडून निघत नाही. सहा मित्र म्हणजे मानवजात नव्हे. खरी परीक्षा पाहावयाची तर एखादा सबंध मुलूख कोसळताना पाहिला पाहिजे, आणि तो पाहण्यास आपणास समुद्रापलीकडे जावयास नको.

1630 साली गुजरात, खानदेश व दख्खन ह्या प्रांतांत पावसाने दगा दिला. पुढल्या साली गुजरातेत अतिवृष्टीने उरलेसुरले पीकही गेले. शाहजहानच्या दरबाराचा बखरकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याने 'बादशाहनामा' ह्या ग्रंथात ह्या दुष्काळाचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. बकऱ्याचे म्हणून कुत्र्याचे मांस विकले जाई. मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली जात. अखेर माणसे माणसांस खाऊ लागली आणि पुत्रप्रेमापेक्षा पुत्राचे मांस अधिक मोलाचे झाले, असे तो सांगतो. गोल्डिंगच्या पक्षास ह्याहून भक्कम साक्षीदार कोठे मिळणार?

पण साक्षीदार कोठे उभा होता, हेही विचारावे लागते. लाहोरी राजाज्ञेने, काही वर्षांनी, राजस्तुतीचा ग्रंथ लिहीत होता. प्रजा जितकी पशुवत् दिसेल, तितके धन्याचे औदार्य उजळून निघेल. ते औदार्यही त्याने आकड्यांनिशी नोंदले आहे. बऱ्हाणपुरास दर सोमवारी 5,000 रुपये याप्रमाणे वीस आठवडे, म्हणजे 1 लक्ष रुपये वाटले. खालसा मुलखातील सुमारे 70 लक्षांची सूट दिली. हे काहीच नव्हे असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच ग्रंथात मयूरसिंहासनाचा खर्च 1 कोटी रुपये दिला आहे, आणि ते सिंहासन दुष्काळानंतर तीनच वर्षांनी, 1635 साली, दरबारात मांडले गेले. शिवाय बादशहा त्या दिवसांत बऱ्हाणपुरास कशासाठी तळ देऊन होता? निजामशाही बुडविण्यासाठी. त्या अफाट छावणीस धान्य लागे, आणि ते उत्तरेकडून येणाऱ्या धान्यातूनच जाई. लाहोरीने भुकेल्यांचे दात पाहिले. छावणीच्या चुली त्याला दिसल्या नाहीत.

दुसरा साक्षीदार पीटर मंडी, इंग्रज कंपनीचा नोकर. हा 1630 च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपुराकडे निघाला. वाटेत प्रेते इतकी की तंबू ठोकण्यास मोकळी जागा मिळेना. नंदुरबारच्या आसपास आया आपली मुले चार-सहा पेन्सांस विकताना त्याने पाहिल्या. येथवर वाचून आपण म्हणतो, पाहा, माता राक्षसी झाली! मंडी मात्र पुढे आणखी एक गोष्ट सांगतो. कोणी नेण्यास तयार असेल त्यास त्या मुले फुकटही देत; ती पुन्हा कधी दृष्टीस पडणार नाहीत हे ठाऊक असूनही, निदान ती जगावीत म्हणून. कृत्य एकच; अर्धे वाचले तर पशू दिसतो, पुरते वाचले तर आई दिसते. ह्या एका ओळीसाठी मला तो रोखठोक व्यापारी दरबारी पंडितापेक्षा थोर वाटतो.

आता आपल्या माणसांकडे वळू. दुष्काळात निसर्गाने जे ठेवले ते लष्करांनी नेले. ह्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव ह्याने पुणे जाळले. कसाऱ्याहून मुंबईकडे परत फिरलात तर शहापूरनजीक माहुलीचे सुळके दिसतात. 1636 साली ह्याच किल्ल्यावर शहाजीराजांनी वेढ्यात सापडून निजामशाहीचा शेवटचा बालराजा मोगलांच्या हवाली केला आणि ते राज्य संपले. ज्या मुलखाने सहा वर्षांत उपासमार, जाळपोळ व राज्यनाश भोगला, त्याच्या वाङ्मयाने मनुष्याविषयी काय निर्णय दिला?

त्या काळी थळघाटाच्या माथ्यापलीकडे, नाशिकनजीक टाकळीस, समर्थ रामदास तपाचरण करीत होते. 1632 साली ते तेथून देशाटनास निघाले आणि त्यांनी हा उद्ध्वस्त देश पायांखाली घातला. त्यांच्या वाणीत त्या लोकस्थितीची भीषण चित्रे आहेत. पण त्यांच्या एका प्रकरणाचे नावच आहे 'अस्मानी-सुलतानी'. श्रोतेहो, हा जोडशब्द आपण इतका सहज वापरतो की त्यातील विचार ध्यानी येत नाही. समाज कोसळतो तो आभाळाने वा सिंहासनाने. मराठी भाषेने ह्या नाशास दोन कारणे दिली, आणि त्यांत माणसाचे काळीज नाही.

म्हणून आपल्या संतांस मनातील पाप ठाऊक नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. षड्रिपूंची यादी त्यांच्या इतकी कोणी घोकली असेल? पण त्यांस त्यांनी रिपू म्हटले. शत्रू घरात शिरला आहे, कदाचित जन्मापासूनच आहे. तरी तो घराचा धनी नव्हे. भेद सूक्ष्म आहे, परंतु सारे काही त्यावर अवलंबून आहे.

देहूचे तुकोबा तर दुकानदार आणि सावकार. दुष्काळात ज्याची भरभराट व्हावी, तो हा धंदा. त्यांचे दिवाळे निघाले, थोरली पत्नी उपासमारीने गेली, मुलगा गेला. आपल्या आत्मपर अभंगात त्यांनी हे सारे सांगितले आहे, आणि त्यात लोक कसे लांडगे झाले ह्याविषयी चकार शब्द नाही. लाज वाटली ती स्वतःची. पुढे त्यांनी कर्जखतांच्या वाटण्या केल्या, भावाचा हिस्सा भावास दिला, आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. भावाच्या वाट्यास हात लावला नाही, हे मला त्या कथेतील सर्वांत खरे वाटते. परोपकार दुसऱ्याच्या खतांवर करता येत नाही.

त्या रात्री कसाऱ्यास मी मान डोलावली, तेव्हा मी मनुष्यजातीविषयी बोलत होतो. माझ्यावर अस्मानी नव्हती, सुलतानीही नव्हती. काही तासांचा खोळंबा होता. पहाटे गाडी हलली. इगतपुरीस ती बाई उतरली. धाकटे मूल तिच्या खांद्यावर झोपले होते आणि थोरले पदर धरून चालत होते. पोळ्या मी नाशिक आल्यावर खाल्ल्या.