लहान पत्रे पोहोचतात, मोठी अडतात

दोन गावांतील कचेऱ्या व्हीपीएनच्या बोगद्याने जोडल्या जातात आणि ईमेलचे (काही मराठी मंडळींनी रूढ करू पाहिलेल्या शब्दात, विरोपाचे) एक विचित्र दुखणे सुरू होते. दोन ओळींचा निरोप तत्काळ पोहोचतो. जोडपत्र असलेले पत्र मात्र निघते आणि पोहोचत नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीत 'मजकूर पाठवताना मुदत संपली' असे असते, घेणाऱ्याच्या नोंदीत 'संबंध तुटला'. दोघेही खरेच बोलत असतात. मग व्यवस्थापक दोन्ही सर्व्हरांच्या मांडणीत दोष शोधत बसतात. आमच्या मते येथे शोधाची दिशाच चुकते, कारण या दुखण्याचे मूळ टपालात नसून त्याखालच्या रस्त्याच्या इतिहासात आहे.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये एसएमटीपीचा संकेत आरएफसी 821 म्हणून मांडला. त्यात दोन सर्व्हर आधी सभ्य संभाषण करतात: मी अमुक, पत्र अमक्याचे, तमक्यासाठी. ही वाक्ये चिमुकली असतात, म्हणून बोगद्यातून सुखरूप जातात. '354' हे उत्तर आले की पत्राचा मजकूर सुटतो आणि प्रथमच भरगच्च पाकिटे रस्त्याला लागतात. अडतात ती हीच.

इथरनेटवर एका पाकिटाची मर्यादा 1500 बाइट. आयपीसेकचा बोगदा प्रत्येक पाकिटावर स्वतःचे आवरण चढवतो, साधारणतः 50 ते 70 बाइटांचे. आधीच काठोकाठ भरलेले पाकीट मग बोगद्यात मावत नाही. जुन्या रीतीने वाटेतल्या राउटरने त्याचे तुकडे केले असते; पण केंट आणि मोगुल यांनी 1987 मधील निबंधात ही तुकडेमोड घातक ठरवली, कारण एक तुकडा हरवला तरी सगळे पाकीट वाया जाते. नोव्हेंबर 1990 मध्ये मोगुल व डीरिंग यांच्या आरएफसी 1191 ने पर्याय दिला. पाकिटावर 'तुकडे करू नये' अशी खूण करावी. ते मावले नाही तर राउटरने ते टाकून द्यावे आणि पाठवणाऱ्याकडे आयसीएमपीची तक्रार धाडावी, पुढच्या वाटेची मर्यादा लिहून. योजना सुरेख होती. तिचा सारा भार मात्र एका गृहीतकावर होता: तक्रार परत येऊ दिली जाईल.

तसे झाले नाही. 1996 च्या सुमारास 'पिंग ऑफ डेथ' गाजला. 65,535 बाइटांची कमाल मर्यादा ओलांडणाऱ्या, तुकड्यातुकड्यांनी आलेल्या एका पिंगने अनेक संगणक कोलमडत. पिंगही आयसीएमपीचेच अपत्य. भेदरलेल्या व्यवस्थापकांनी फायरवॉलवर सरसकट आयसीएमपी बंद केले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. बिचारा राउटर तक्रार करतो, फायरवॉल ती गिळते, आणि पाठवणारा तेच मोठे पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. सप्टेंबर 2000 मधील आरएफसी 2923 ने या अवस्थेची रीतसर नोंद केली. तीत 'कृष्णविवर' हाच शब्द आहे.

निदान अवघड नाही. तुकडे न करण्याची खूण लावून 1472 बाइटांचा पिंग पाठवावा (28 बाइट शीर्षांचे, एकूण 1500) आणि उत्तर येईपर्यंत आकार घटवत जावा. पिंगलाच बंदी असेल तर हाही मार्ग खुंटतो, हे ओघाने आलेच.

योग्य उपाय एकच: 'तुकडे हवे आहेत' एवढी तक्रार तरी फायरवॉलने सोडावी. व्यवहारात रूढ झाला तो दुसराच. टीसीपीच्या ओळखीच्या वेळी दोन्ही सर्व्हर आपापली कमाल मर्यादा सांगतात, बहुधा 1460; बोगद्याच्या दारातला राउटर तो आकडा परस्पर खोडून 1360 असा काहीतरी लिहितो. ही दुसऱ्याच्या बोलण्यातली ढवळाढवळ आम्हांस रुचत नाही, पण पत्रे जातात हे मान्य करावे लागते. मार्च 2007 च्या आरएफसी 4821 ने तर तक्रारीची आशाच सोडली: पाठवणाऱ्याने स्वतःच निरनिराळे आकार चाचपून मर्यादा ताडावी.

तोवर अडलेले पत्र रांगेत राहते. 1989 च्या आरएफसी 1123 प्रमाणे सर्व्हर निदान चार-पाच दिवस प्रयत्न करतो, आणि मग पत्र पोहोचले नाही असा निरोप धाडतो.