शिकागोचा जोजो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शायरांची भांडणं आपल्याला नवी नाहीत. आठव्या शतकाच्या आरंभी बसऱ्याच्या मिरबद बाजारात जरीर आणि फरजदक हे दोन अरब कवी एकमेकांच्या कुळाचा उद्धार करीत आणि लोक ऐकायला गर्दी करीत. एकानं ज्या वृत्तात आणि ज्या यमकात टोला हाणायचा, त्याच वृत्तात, त्याच यमकात दुसऱ्यानं तो परतवायचा, असा रिवाज. हे चाळीसेक वर्षं चाललं. दोघेही म्हातारे होऊन गेले. फरजदक आधी गेला, तेव्हा जरीरनं त्याच्यावर मर्सिया लिहिला. आमच्या उर्दूतले मिर्झा सौदा रागावले की गुंचा नावाच्या नोकराला कलमदान आणायला सांगत, आणि मग समोरच्याची धडगत नसे. मराठीत यायचं तर होनाजी आणि सगनभाऊ यांच्या फडांमधली चुरस पाहा. एक गवळी, दुसरा मुसलमान शिकलगार. कलगी-तुऱ्याच्या सामन्यात रात्रभर सवाल-जवाब चालायचे, भल्याभल्यांची अब्रू काढली जायची आणि उजाडलं की दोन्ही पक्ष आपापल्या डफ-तुणतुण्यासह घरी जायचे.

मी स्वतः कविता लिहितो. त्यामुळे जोसेफ कोलमन या मुलाची हकीकत वाचली तेव्हा मला पहिल्यांदा हेच सगळे आठवले. जोसेफ शिकागोचा. जन्म ६ एप्रिल १९९४. गाणारं नाव ‘लिल जोजो’, म्हणजे छोटा जोजो. ४ सप्टेंबर २०१२ रोजी संध्याकाळी त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. नाव झालं त्याला जेमतेम चार महिने झाले होते.

तो ज्या प्रकारची गाणी करायचा त्यांना ‘ड्रिल’ म्हणतात. आपल्याला ड्रिल म्हटलं की शाळेतली कवायत नाहीतर भिंतीला भोक पाडायचं यंत्र आठवतं. शिकागोच्या दक्षिण भागातल्या पोरांच्या बोलीत त्याचा अर्थ शत्रूवर चालून जाणं, गोळीबार करणं असा आहे. २०१० च्या आसपास हा शब्द गाण्याला चिकटला. मागे जड, संथ, खोल ठोका, त्यावर घंटेसारखे थंड सूर आणि जवळजवळ निर्विकार आवाजात म्हटलेले शब्द. रॅपमध्ये शब्दांची कसरत असते, कोट्या असतात. ड्रिलमध्ये त्या फारशा नाहीत. तिथं नावं असतात. गल्लीची नावं, टोळीची नावं, मेलेल्यांची नावं.

हे नावांचं प्रकरण समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. विसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेत आली. शिकागोत त्यांना काम मिळालं ते कत्तलखान्यांत, पोलाद कारखान्यांत, रेल्वेत. १८६५ मध्ये सुरू झालेला तिथला जनावरांचा प्रचंड बाजार १९७१ मध्ये बंद पडला. कारखानेही गेले. जोजोच्या एंगलवुड या वस्तीत १९६० साली सुमारे ९७ हजार माणसं राहत होती, २०१० साली राहिली ३० हजारांच्या घरात. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला यापुढचं सांगायची गरज नाही. त्यात सरकारनं बांधलेल्या गगनचुंबी चाळी १९९८ ते २००७ या काळात पाडल्या गेल्या. तिथली कुटुंबं इतर वस्त्यांत पांगली आणि त्यांची पोरं कालपर्यंत परक्या असलेल्या टोळीच्या हद्दीत जाऊन पडली. जुन्या मोठ्या टोळ्यांचे म्होरके तोवर तुरुंगात किंवा मातीत गेले होते. शिस्त लावणारं कोणी उरलं नव्हतं. गल्लीगल्लीची वेगळी टोळी झाली.

इथं एक आठवण सांगितली पाहिजे. १९६८-६९ मध्ये याच शहरात फ्रेड हॅम्प्टन नावाचा ब्लॅक पँथरचा तरुण नेता टोळ्यांतल्या पोरांना राजकारणात आणू पाहत होता. तसं होऊ नये म्हणून अमेरिकेच्या गुप्तचर खात्यानं टोळीच्या म्होरक्याला खोटं निनावी पत्र पाठवल्याचं पुढं कागदपत्रांत उघड झालं. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी घरात घुसून हॅम्प्टनला अंथरुणातच गोळ्या घातल्या. वय वर्षं एकवीस. ज्या पँथरांवरून १९७२ मध्ये मुंबईत आपल्या दलित पँथरनं नाव घेतलं, तेच हे पँथर. एंगलवुडच्या पोरांना दुसरी एक वाट होती आणि ती बुजवली गेली, एवढंच मला यातून दिसतं.

आता २०१२. त्या वर्षाच्या आरंभी चीफ कीफ हा सोळा वर्षांचा मुलगा कोर्टाच्या हुकमानं आजीच्या घरात स्थानबद्ध होता. तिथंच मित्रांना जमवून त्यानं गाण्याची चित्रफीत काढली. ती यूट्यूबवर अशी पसरली की वर्षाच्या मध्यापर्यंत एका बड्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्याशी करार केला. वस्तीतल्या प्रत्येक पोराला दिसलं की आजीच्या खोलीतून थेट श्रीमंतीकडं जाणारी वाट आहे, आणि त्यासाठी लागतो तो फक्त एक कॅमेरा आणि दहशत वाटावी असा चेहरा.

कीफचं कोंडाळं ‘ब्लॅक डिसायपल्स’ या टोळीचं मानलं जाई, जोजो विरुद्ध बाजूच्या ‘गँगस्टर डिसायपल्स’चा. कीफच्या मंडळींची ‘तीनशे’ ही खूण होती. जोजोनं आपल्या गाण्याचं नाव ठेवलं ‘थ्री-हन्ना-के’. तीनशे, आणि पुढं ‘के’, म्हणजे किलर. तीनशेंना मारणारा. चित्रफितीत वीसेक पोरं, हातात बंदुका, मध्ये किडकिडीत जोजो. ते गाणं मी ऐकलं आहे. कविता म्हणून त्यात फार काही नाही. तीच ओळ फिरून फिरून येते. पण अंगात वारं शिरल्यासारखं म्हणणं आणि समोरच्याला थेट नावानं हाक मारणं यात एक जोर आहे, तो नाकारता येत नाही. त्याच्या वयात आम्हीही मोठ्या शायरांना नावं ठेवत होतो. फरक इतकाच, की आम्हाला ऐकणारे पंधरा जण होते आणि त्यातले दहा नातेवाईक.

मुशायऱ्यात निजामत करणारा असतो. कोणाला कधी उठवायचं, कोणाला आवरायचं, हे तो पाहतो. कलगी-तुऱ्यातही वडीलधारे असतात. इंटरनेटच्या या मुशायऱ्यात निजामत करणारा कोणी नव्हता आणि श्रोते लाखोंनी. ज्यांना कधी एंगलवुडच्या रस्त्यावर पाय ठेवायचा नव्हता, असे शेकडो मैलांवरचे लोकही ‘आता पुढं काय?’ म्हणून टाळ्या पिटत होते. जोजो पुढचं पाऊल टाकत गेला. कीफचा साथीदार लिल रीस याच्या समोरून गाडीतून जात केलेल्या बाचाबाचीची चित्रफीतही त्यानं प्रसिद्ध केली.

४ सप्टेंबरला त्यानं आपण कुठल्या गल्लीत आहोत हे ट्विटरवर जाहीर केलं. काही तासांनी साउथ प्रिन्स्टन अव्हेन्यूवर तो मित्राच्या सायकलवर मागच्या चाकाच्या दांड्यांवर उभा राहून चालला होता. अठरा वर्षांचा, शहरभर धाक असलेला हा मुलगा सायकलवर डबलसीट. एक मोटार आली, गोळ्या झाडल्या गेल्या.

नंतर कीफच्या ट्विटर खात्यावरून जोजोच्या मरणाची टर उडवणारा मजकूर आला. खातं कोणीतरी पळवलं होतं, असं कीफनं सांगितलं. पोलिसांनी चौकशी केली. या खुनासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही. मर्सिया लिहायला मात्र समोरच्या बाजूनं कोणी पुढं आलं नाही.

त्या वर्षी शिकागोत पाचशेहून अधिक खून झाले. त्यातला बहुतेकांचा कोणी गाणारा नव्हता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. गाण्यामुळं मुलं मरतात असं म्हणणं सोपं आहे. लंडनच्या पोलिसांनी २०१८ मध्ये यूट्यूबकडून तीसेक ड्रिल चित्रफिती काढून घेतल्या आणि २०१९ मध्ये तिथल्या दोन गायकांना मनाई असलेलं गाणं मैफिलीत म्हटल्याबद्दल स्थगित कैद झाली. उलट कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये कायदा करून, गाण्याच्या ओळी पुरावा म्हणून वापरण्यावर बंधन घातलं. मला हा दुसरा रस्ता अधिक शहाणपणाचा वाटतो. बंदूक सहज मिळते ती गाण्यामुळं नव्हे.

जोजोच्या दोस्तांनी आपल्या गल्ल्यांना ‘जोजो वर्ल्ड’ म्हणायला सुरुवात केली. जवळच पार्कवे गार्डन्स नावाची वसाहत आहे, मिशेल ओबामा अगदी लहानपणी तिथं राहत होत्या. तिलाही पोरं ‘ओ ब्लॉक’ म्हणतात, २०११ मध्ये मारल्या गेलेल्या विशीतल्या ओडी पेरीच्या नावावरून. नकाशाच मेलेल्यांच्या नावांचा.

कीफ शहर सोडून गेला. २०१५ मध्ये एका मारल्या गेलेल्या मित्रासाठी आणि त्याच घटनेत मोटारीखाली चिरडलेल्या तान्ह्या मुलासाठी त्यानं मदतीचा जलसा ठरवला. स्वतः येणार नव्हता, मंचावर फक्त त्याची प्रकाशप्रतिमा दिसणार होती. महापौरांच्या कार्यालयानं शिकागोत ती होऊ दिली नाही. शेजारच्या इंडियाना राज्यात ती दाखवली, तर तिथल्या पोलिसांनी वीज तोडून बंद पाडली. शेवटी जून २०२४ मध्ये, दहा वर्षांहून अधिक काळानं, तो प्रत्यक्ष गायला, तेही शहराच्या हद्दीबाहेर, ब्रिजव्ह्यूच्या मैदानावर. हजारो पोरं त्याच्याबरोबर २०१२ ची गाणी पाठ म्हणत होती. कीफ तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. जोजोला त्याच एप्रिलमध्ये तीस पूर्ण झाली असती.